सालिम अली, भरतपूरच्या म्हशी आणि एक चिवट गवत

१२ नोव्हेंबर १९३८. भरतपूर संस्थानच्या घना तळ्यावर त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ शिकारीचा बेत आखला होता. एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तेथील शिळेवर मोठ्या अभिमानाने कोरून ठेवण्यात आला. योगायोग असा, की त्याच दिवशी मुंबईच्या सालिम अली यांनी वयाची ४२ वर्षे पूर्ण केली होती. पुढे हेच तळे वाचविण्यासाठी त्यांनी आयुष्याचा मोठा काळ वेचला. तळे वाचले. मात्र ते वाचविण्याच्या योजनेत एक गवत आणि काही म्हशी यांचा हिशेब राहून गेला. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून सालिम अलींचे चरित्र अनेकदा सांगितले जाते; त्यातील हे प्रकरण मात्र बहुधा दोन ओळींत आटोपते. खरे तर त्यांच्या थोरवीला त्यामुळे बाध येण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. राज्य सरकारने २०२० मध्ये तसा निर्णय घेतला. सप्ताहाचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, तर शेवटचा सालिम अली यांच्या. शाळांतून व्याख्याने होतात, दुर्बिणी घेऊन मंडळी खाडीकिनारी जातात. अशा वेळी त्यांच्या लहानपणीच्या चिमणीची गोष्ट हमखास निघते.

ती गोष्ट अशी. १८९६ मध्ये मुंबईच्या खेतवाडीत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होतात न होतात तोच वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी या पोरक्या मुलांना वाढविले. घरात शिकारीची आवड होती. छोट्या सालिमच्या हाती छऱ्याची बंदूक आली. एके दिवशी त्यांनी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य होते. त्यांची चिठ्ठी घेऊन मुलगा संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यासमोर उभा राहिला. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाटेच्या कपाटे उघडून दाखविली, पुस्तके वाचायला दिली. पीतकंठ चिमणीने एका मुलाचे आयुष्य असे वळविले.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात, तवॉयला भावाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात गेले. तिथे धंद्यापेक्षा जंगलात फिरणेच अधिक झाले. १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी दावर यांच्या कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबाचे शिक्षण घेतले. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल हेरला आणि प्राणिशास्त्राकडे वळविले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील नोकरी पदवीअभावी हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले; पगार दरमहा ३५० रुपये. त्या कामाचाही त्यांना लवकरच कंटाळा आला. अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला गेले. प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राची आधुनिक पद्धत आत्मसात केली. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो म्युझियममधील जागाच रद्द झालेली.

बेकारीच्या त्या दिवसांनीच त्यांना किहीमला नेले. अलिबागजवळच्या या गावात नातलगांचे समुद्रकाठी घर होते. आजूबाजूच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. शिडीवर कापडी आडोसा बांधून सालिम अली तासन् तास बसून राहत. नर सुगरण अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तरच संसार मांडला जातो. मग नर दुसऱ्या घरट्याच्या आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, हे सारे त्यांनी नोंदवून ठेवले. सोसायटीच्या नियतकालिकातील त्यांच्या या लेखाने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. मत बनविण्यापूर्वी बसून पाहायचे, पुष्कळ काळ पाहायचे, ही त्यांची रीत किहीमला पक्की झाली. पुढे भरतपूरच्या निमित्ताने ही रीत पुन्हा आठवावी लागते.

त्यानंतरची वर्षे भटकंतीची. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. संस्थानिकांनी फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्यायचा, काम फुकट. तेहमिना बेगम या दौऱ्यांत बरोबर असत; तंबूतील संसार त्यांनी हसतमुखाने केला. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सालिम अली नंतर बहीण आणि मेहुण्यांकडे राहू लागले आणि कामात अधिकच बुडून गेले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. या देशातील हौशी पक्षिनिरीक्षकांच्या कितीतरी पिढ्या त्या एका पुस्तकावर घडल्या. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेली दहा खंडांची पक्षिसंहिता १९६८ ते १९७४ या काळात आली.

भरतपूरचा संबंध स्वातंत्र्यानंतर अधिक घट्ट झाला. घना हे काही निसर्गाने घडविलेले सरोवर नव्हे. गंभीर नदीचे पाणी अजान बांधातून सखल जागी सोडून, बांध-बंधारे घालून संस्थानाने ही बदकांच्या शिकारीची जागा तयार केली. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या पाणथळीत हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो पक्षी उतरत. संस्थान विलीन झाल्यावर तळे कोरडे करून जमीन शेतीसाठी वाटावी, अशी मागणी जोर धरू लागली. भुकेल्या देशात ती अगदीच गैरवाजवी होती असे म्हणता येत नाही. सालिम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत हा विषय नेला आणि तळे टिकले. १९५६ मध्ये तेथे अभयारण्य झाले. साठच्या दशकात सोसायटीने तेथे पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याची मोहीम चालविली. जाळी लावण्यात पटाईत असलेले बिहारचे मीरशिकार त्यासाठी बोलावले गेले. कडी घातलेली बदके सैबेरियापर्यंत सापडली.

१९८१ मध्ये घना रामसर यादीत गेला. पाठोपाठ त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि केवलादेव हे नाव रूढ झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यात डुंबत आणि चरत आलेल्या. अभयारण्याच्या काळातही हे चालूच होते. गुरांमुळे अधिवासाचे नुकसान होते, पक्ष्यांच्या वाट्याचे खाद्य जाते, असे त्या वेळच्या बहुतेक संवर्धनतज्ज्ञांचे मत होते. सालिम अली आणि त्यांची संस्था चराईबंदीच्या बाजूने होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी अमलात आली. संतापलेले गावकरी उद्यानाच्या भिंतीशी जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकऱ्यांना प्राण गमवावे लागले. पक्ष्यांच्या उद्यानाच्या इतिहासात माणसांच्या रक्ताचा हा डाग आहे आणि कोणत्याही चरित्रकाराने तो टाळून पुढे जाऊ नये.

म्हशी बाहेर गेल्या. आता पाणथळ अधिक निर्मळ होईल, पक्षी वाढतील, अशी अपेक्षा होती. घडले उलटे.

पास्पालम डिस्टिकम हे पाणथळीत वाढणारे बहुवर्षायू गवत. मूळ अमेरिकेतले मानले जाणारे हे गवत आज जगाच्या उष्ण भागांत सगळीकडे पसरले आहे. त्याची खोडे आडवी धावतात, प्रत्येक पेराला मुळे फुटतात आणि पाण्यावर जाड चटई तयार होते. घन्यात ते आधीपासून होतेच. परंतु म्हशी ते रोज खात, तुडवीत, उपटीत. त्यामुळे मधूनमधून उघडे पाणी शिल्लक राही. बंदीनंतर दोन-चार पावसाळ्यांतच गवताने पाण्याचा कब्जा घेतला. उघड्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांना जागा उरेना. पाण्याखालच्या वनस्पतींना ऊन मिळेना. कुजणाऱ्या गवताने पाण्यातील प्राणवायू घटला, माशांवर त्याचा परिणाम झाला आणि माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांवरही. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला वणव्याची भीती निर्माण झाली ती वेगळीच.

भिवंडी-कल्याण परिसरातील वाचकांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. कामवारी आणि उल्हास नदीच्या पात्रावर हिरवा गालिचा पसरलेला त्यांनी पाहिला आहे. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी शोभेसाठी म्हणून भारतात आली आणि सांडपाण्याच्या खतावर पोसली गेली. पात्र लांबून सुंदर दिसते. खाली मासा गुदमरत असतो. फरक इतकाच, की इथे नदी कोणी संरक्षित म्हणून जाहीर केलेली नव्हती. केवलादेवच्या बाबतीत सारे संरक्षण कागदोपत्री चोख होते. भिंत होती, पहारा होता, कायदा होता, जागतिक वारशाचा दर्जाही १९८५ मध्ये मिळाला होता. गवताला मात्र भिंतीबाहेरून आत यायचेच नव्हते. ते आतच होते.

सुदैवाने सोसायटीचे शास्त्रज्ञ तिथे मोजमाप करीत होते. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या साहाय्याने १९८० मध्ये सुरू झालेला हा अभ्यास दहा वर्षे चालला. संस्थेची धुरा तेव्हा सालिम अलींकडेच होती. म्हणजे चराईबंदीचा आग्रह आणि त्या आग्रहाची परीक्षा, दोन्ही एकाच घरातून निघाले. पाण्याचा कस, वनस्पतींचे वजन, माशांच्या जाती, पक्ष्यांची मोजणी, बंदीपूर्वीची आणि नंतरची, अशा नोंदींचा ढीग जमला. डॉ. व्ही. एस. विजयन यांनी १९९१ मध्ये मांडलेला निष्कर्ष स्पष्ट होता. गवताला आवर घालणारा या पाणथळीतील प्रमुख घटक म्हणजे म्हैस. तिला बाहेर काढल्याने उद्यानाचा तोल गेला होता. मर्यादित चराई पुन्हा सुरू करावी, असे या अभ्यासाने सुचविले. तोपर्यंत, १९९० मध्ये, केवलादेवचे नाव संकटग्रस्त पाणथळींच्या माँत्रो यादीत गेले होते. पाण्याचा तुटवडा, चराईचे बिघडलेले गणित आणि या गवताची वाढ ही कारणे त्यात नमूद होती.

अंतिम अहवाल पाहायला सालिम अली नव्हते. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदीत मुंबईत त्यांचे निधन झाले होते. अखेरची वर्षे सन्मानांची होती. १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि त्याच वर्षी पॉल गेटी पारितोषिक मिळाले. पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी निसर्गसंवर्धनासाठी निधी उभारला. केरळची सायलेंट व्हॅली वाचविण्याच्या चळवळीला त्यांनी आपले वजन दिले. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली, त्याच वर्षी आत्मचरित्र आले. त्या पुस्तकाच्या नावातही ती चिमणी आहेच.

त्यांना दोष द्यावा काय? किहीमला सुगरणीच्या घरट्यापुढे महिनोन् महिने बसणाऱ्या माणसाने म्हशीकडे तितक्या चिकाटीने पाहिले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यात तथ्यही आहे. म्हैस ही गावाची, म्हणून ती जंगलाच्या हिशेबात नाही, ही समजूत त्या काळच्या संवर्धनविचारात खोलवर रुजलेली होती आणि सालिम अलीही तिच्यापासून मुक्त नव्हते. दुसरी बाजू अशी, की आपल्या मताला खोटे पाडू शकेल असा अभ्यास त्यांच्याच संस्थेने सुरू केला आणि त्यांच्या मृत्यूनंतरही तो थांबविला नाही. ज्यांच्या घरची माणसे गोळीबारात गेली, त्यांना यातून कोणते समाधान मिळणार हा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या म्हशी निर्दोष ठरल्या, एवढेच.

अहवालाची शिफारस सरकारला पचली नाही. कायदा आडवा आला. राष्ट्रीय उद्यानात गुरे सोडण्याची तरतूदच नव्हती. मग उद्यानाने गावकऱ्यांना विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा दिली, कुठे बुलडोझर लावून गवत उपटले. म्हशीचे काम यंत्राने करून पाहण्याचा हा खटाटोप खर्चिक ठरला आणि अपुरा पडला. दरम्यान घन्याचे सर्वांत नामांकित पाहुणे, सैबेरियन क्रौंच, दर हिवाळ्यात कमी होत गेले. १९६० च्या दशकात त्यांची संख्या सुमारे दोनशे होती. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली. त्यानंतर एकही नाही. याचे खापर एकट्या गवतावर फोडता येणार नाही. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानवरून येणाऱ्या त्यांच्या मार्गावर शिकार होत असे, आणि ते कारण मोठे होते. तथापि उथळ पाण्यातील कंद उकरून खाणाऱ्या या पक्ष्याला गवताची जाड चटई सोयीची नव्हती, हेही खरे.

गवतापाठोपाठ विलायती बाभूळ आली. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात. मूळ दक्षिण व मध्य अमेरिकेतली ही काटेरी झाडे राजस्थानात वाळवंट रोखण्यासाठी मुद्दाम लावण्यात आली होती. जोधपूर संस्थानाने तर १९४० मध्ये तिला शाही वृक्षाचा मान दिला. पाण्याची ओढ लागलेल्या वर्षांत तळ्याची कोरडी जमीन तिने बळकावली. २००७ च्या सुमारास उद्यानाने वेगळा मार्ग पत्करला. आसपासच्या गावांतील कुटुंबांना जमिनीचे तुकडे नेमून दिले. मुळासकट बाभूळ काढायची आणि लाकूड घरी न्यायचे. ज्यांना १९८२ मध्ये भिंतीबाहेर ठेवले होते, त्यांनाच आत बोलवावे लागले. अनेक वर्षे रखडलेला हिशेब अशा आडवाटेने थोडाफार जुळला.

महाराष्ट्रातील संवर्धनाच्या आखणीतही हेच प्रश्न वेगळ्या नावांनी येतात. सालिम अलींना माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा असे वाटत होते. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. सोलापूरजवळच्या नान्नज येथे माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. माळढोकला मोकळे गवताळ माळ लागतात. वनीकरणाच्या उत्साहात माळावर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली गेली. उघडी जमीन म्हणजे ओसाड जमीन, असा समज त्यामागे होता. तेच झाड मुंबई-पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरही मोठ्या प्रमाणावर लावण्यात आले; त्याखाली देशी रोपे सहसा वर येत नाहीत. घाणेरीने सह्याद्रीच्या आणि विदर्भाच्या जंगलांत तळाची जागा व्यापली आहे, कोकणात रानमोडीने. १९५६ मध्ये पुण्यातून ज्याची नोंद प्रसिद्ध झाली, त्या गाजरगवताने तर अवघा देश पालथा घातला. अभयारण्याची हद्द आखताना वाघ किती, पक्षी किती हे मोजले जाते. त्या हद्दीत कोणती परकी वनस्पती किती आहे, तिला आजवर कोणी रोखून धरले होते आणि उद्याच्या बंदीने तो रोखणारा हात निघून जाणार काय, हे विचारण्याची पद्धत फार उशिरा आली.

कायद्याने तर त्याहून उशीर केला. वन्यजीव संरक्षण कायद्यात आक्रमक परकी प्रजातींची व्याख्या आणि त्यांच्यावरील नियंत्रणाची तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने दाखल झाली. त्याच वर्षअखेरीस माँट्रियल येथील जैवविविधता परिषदेत अशा प्रजातींचा शिरकाव आणि स्थिरावण्याचा वेग २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट देशांनी मान्य केले. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने माणसाने इकडून तिकडे नेलेल्या प्रजातींची संख्या ३७,००० हून अधिक असल्याचे सांगितले. त्यांपैकी साडेतीन हजारांवर प्रजाती घातक ठरल्या आहेत. केवलादेवचा धडा यात पुरता उतरलेला नाही. बाहेरची प्रजाती ओळखून काढून टाकणे ही एक गोष्ट झाली. जुनी, घरची म्हैस त्या व्यवस्थेत काय काम करीत होती, हे पाहणे दुसरी. नव्या कलमात पहिलीची सोय आहे.

सालिम अलींच्या नावाने १९९० मध्ये कोइमतूर येथे पक्षिशास्त्र आणि निसर्ग अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. त्याचे पहिले संचालक म्हणून ज्यांची निवड झाली, ते डॉ. विजयन, घन्यात गवत आणि म्हशींचा हिशेब मांडणारे. केवलादेवच्या माहिती केंद्रालाही सालिम अलींचेच नाव देण्यात आले. शिकारीच्या आकड्यांची ती शिळा उद्यानातच आहे.